बरडीवरचे सात दगड

शनवारा, बऱ्हाणपूर
रविवार, २१ जुलै २०२४

निंबाभाऊंना नमस्कार, आणि ओळीवर बोट ठेवून हे वाचून दाखवणाऱ्या भागावहिनींना त्याहून मोठा नमस्कार.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून कागद घेतला. दूधगाडीवाल्याबरोबर पाठवतेय, सोबत अर्धा किलो मावा जिलेबी आहे.

बरडीचं कळलं. आमच्या जीपवाल्यांच्या ग्रुपवर मोहितनं फोटो टाकला होता. उताराच्या मधोमध कमरेएवढी घळ पडलीय, गवत मुळासकट गेलंय आणि सगळी माती खाली गुरांच्या तळ्यात येऊन बसलीय. तीन वर्षं तुमच्या गावानं त्या टेकडीवर ना गुरं सोडली ना विळा लावला. यंदा दिवाळीनंतर बंदी उठवून घरटी गवत वाटायचं होतं. फोटो पाहून मला जेवण गेलं नाही.

गावानं सभेत तुम्हांलाच उभं केलं, हेही कळलं. मार्चमधल्या जीपफेरीत आम्ही जुन्या गाडवाटेनं टेकडीला वळसा घालून जायचं, बंदीच्या गवतात चाक घालायचं नाही, आणि ती हद्द तुम्ही चुना लावलेल्या दगडांनी आखून द्यायची, अशी गावाची अट होती. ते दगड सरळ उतारावर निघाले, म्हणून बावीस वर्षांची राखणदारी तुमच्याकडून काढून घेतली. हे काही बरं केलं नाही त्यांनी. त्या वेळी तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. वयात होतं असं, भाऊ. मलासुद्धा चष्म्याशिवाय हजेरीपुस्तक दिसत नाही. शिवाय दगड काय, गुरंही ढकलतात. मनाला लावून घेऊ नका.

मी येणारच होते, पण शाळेत चाचणी परीक्षा चालू आहेत. आठवीची सहल यंदाही बरडीवरच आणायचा विचार आहे. मुलांना माती कशी वाहते हे तुमच्याइतकं चांगलं मला शिकवता येत नाही, हे तुम्ही जाणताच.

प्रकृतीला जपा.

तुमची,
चारुलता


शनवारा
रविवार, १८ ऑगस्ट

निंबाभाऊ,

भागावहिनी मंगळवारी डोळ्यांच्या दवाखान्यात भेटल्या. मी चष्म्याचा नंबर काढायला गेले होते. त्यांनी तुम्हांला सांगितलं की नाही, कोण जाणे, म्हणून मी सांगते. वहिनी, तुमचं बोलणं तुम्हांलाच वाचायला लावतेय, रागावू नका.

तुमच्या दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख रद्द करायला त्या एकट्याच आल्या होत्या. मी विचारलं, का हो? तर म्हणाल्या, "ते नको म्हन्तात. पहिला डोळा बरा झाला अन् काय दिसलं, तं आपलीच चूक. आता दुसरा कायले करू? डोळा नई बिघडला म्हन्तात, डोकं बिघडलं."

मग बाकावर बसून त्यांनी मे महिन्यातली गोष्ट सांगितली. डॉक्टरांनी धुळीत जायची परवानगी दिल्यावर तुम्ही पहिल्यांदा बरडीवर गेलात, दगड पाहिलेत आणि तिथंच दुपारपर्यंत बसून राहिलात. खाली येऊन एवढंच विचारलंत, "भागे, मी दगड कुठी ठेवले होते?" त्या म्हणाल्या, मले काय ठाऊक, मी काय संगं होती? मग पुढे पाऊस झाला आणि सगळं गाव वर गेलं. तेव्हापासून तुम्ही बकऱ्या तीन तीनदा मोजता. फाट्यापर्यंत एकटे जात नाही. कुणी वाट विचारली तर "दुसऱ्याले विचारा" म्हणता.

जिलेबीचं मी विचारायला नको होतं, पण विचारलं. "दूधगाडीवाल्यानं खाल्ली. गोड होती म्हने," एवढं बोलून वहिनी उठल्या.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की गुरंही दगड ढकलतात. बंदीच्या टेकडीवर गुरं कुठून येतील? आठवीतल्या पोरानं असं उत्तर लिहिलं असतं तर मी लाल शाईनं खोडलं असतं.

तर आता एक गोष्ट सांगते. तुम्ही दगड चुकीचे ठेवले नव्हते. ते नंतर हलवले गेले. आमच्या ग्रुपमधल्याच एका माणसानं हलवले. मला ते खात्रीनं माहीत आहे. नाव मात्र विचारू नका. तुमचं डोकं शाबूत आहे एवढं तुम्हांला कळलं, म्हणजे बाकीचं आपोआप निवळेल.

ऑपरेशन करून घ्या. तारीख मी पुन्हा मागून घेते.

चारुलता


शनवारा
रविवार, ८ सप्टेंबर

निंबाभाऊ,

वहीच्या फाडलेल्या पानावरचं भागावहिनींचं उत्तर मिळालं. पाच ओळी आहेत. मला त्या पाठ झाल्यात, तरी इथं उतरवून काढते, म्हणजे पुढं मी काही गुळमुळीत लिहायला लागले तर वर नजर जाईल.

"चारुबाई, नाव इचारू नका म्हन्ता, तं मी गावाले काय सांगू? कोनीतरी केलं, असं तं कोनी बी सांगते. ह्यांनी तुमची चिठ्ठी दोनदा वाचायले लावली. मग म्हने, बाई चांगली हाये. मले बरं वाटावं म्हून खोटं लिहिते."

खोटं लिहिते. मी आयुष्यात एकदा अर्धवट का होईना खरं लिहिलं, तर ते तुम्ही माझा चांगुलपणा समजून बाजूला ठेवलंत. हे वाचलं आणि मला माझीच किळस आली. काल घरोघरी गणपती बसले, आमच्याही घरी बसले. आरतीला सगळे उभे होते आणि मी स्वयंपाकघरात उगीच पातेली घासत होते.

वहिनी, आता न थांबता वाचा. त्यांच्याकडे पाहू नका, पुढं वाचत राहा.

दगड मी हलवले.

त्याचं असं झालं. आमची मोठी फेरी तीन मार्चच्या रविवारी ठरली होती. त्याच्या आधीच्या रविवारी मी एकटी वाट बघून यायला निघाले. आदल्या दिवशी ग्रुपवर बरडीच्या सरळ चढाची गोष्ट निघाली होती आणि मोहितनं लिहिलं होतं, "मॅडम, तुमची गाडी तिथं नाही चढणार, रहने दो." पुढे हसरी तोंडं. मी सत्तेचाळीस वर्षांची बाई, आख्ख्या शनवाऱ्यात जीप चालवणारी एकटी मास्तरीण. लोकांचं हसणं मला सवयीचं आहे, असा माझा समज होता. पण ते वाक्य मला झोंबलं.

तुमच्या दगडांजवळ आले. वाट डावीकडे वळत होती आणि समोर तो चढ होता. तुम्ही दरवर्षी माझ्या मुलांना तिथंच उभं करून सांगता, "पान्याले सीधी वाट दाखवू नये. ते वळसा घालत येते, तवरच आपलं हाये." माझ्या कानांत ते वाक्य होतंच. तरी मी गिअर टाकला आणि गाडी सरळ वर घातली.

चढली हो. मधे दोनदा चाकं फिरली, माती उडाली, पण चढली. वर जाऊन मी एकटीच टाळ्या वाजवल्या. हेही लिहिते, कारण त्याचीच लाज सगळ्यांत जास्त वाटते. मला फार आनंद झाला होता.

मग खाली पाहिलं. पिवळ्या गवतात दोन काळ्या चाकोऱ्या, तळापासून माथ्यापर्यंत. मी नवीन टायर घेतले होते आणि त्यांची नक्षी मीच कौतुकानं ग्रुपवर दाखवली होती. पुढच्या रविवारी अकरा गाड्या येणार आणि पहिल्याच वळणावर सगळ्यांना कळणार, की "चुन्याच्या दगडांबाहेर एकही चाक जाणार नाही" हा नियम जिनं लिहिला, तिचंच चाक बाहेर गेलंय. मला ते सहन होण्यासारखं नव्हतं. म्हणून मी तुमचे सात दगड उचलले आणि माझ्या चाकोऱ्यांच्या दोन्ही बाजूंना नेऊन ठेवले. हाताला चुना लागला तो बाटलीतल्या पाण्यानं धुतला.

फेरीच्या दिवशी तुम्ही नव्हता. आदल्याच दिवशी तुमचं ऑपरेशन झालं होतं. अकरा गाड्या आल्या आणि अकराही जणांनी नियम पाळला. एकाचंही चाक दगडांबाहेर गेलं नाही. मोहितनं तर वाटेत थांबून विचारलंही, "मॅडम, रस्ता पक्का हाच ना? गवतात घुसल्यासारखं वाटतंय." मी म्हणाले, "दगड दिसतात ना? निंबाभाऊंनी लावलेत." तुमचं नाव घेतलं मी, भाऊ. नाव घेतल्यावर त्यानं पुढं विचारलं नाही. काहींना मजा आली म्हणून ते दोनदा चढले.

जुलैत फोटो आला तेव्हा ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "म्हाताऱ्यानं दगडच चुकीचे ठेवले, आपण काय करणार?" त्याखाली मी अंगठा उमटवला. त्यानंतर बसून तुम्हांला पहिलं पत्र लिहिलं आणि त्यात लिहिलं, वयात होतं असं.

फेरीनंतर दगड परत जागेवर ठेवायचं माझ्या मनात होतं. परीक्षांच्या ड्यूटीत राहून गेलं.

तुमची चूक नव्हती. तुमचे डोळे धूसर होते, तरी दगड बरोबर होते. मला सगळं स्वच्छ दिसत होतं.

चारुलता


शनवारा
रविवार, २२ सप्टेंबर

निंबाभाऊ,

उत्तर आलं नाही. येऊ नये, हेच बरोबर.

आधी मागच्या पत्रातली एक ओळ दुरुस्त करते. परीक्षांच्या ड्यूटीत राहून गेलं, असं मी लिहिलं होतं. ते खोटं आहे. दहा मार्चला मी बरडीवर आले होते. दोन चाकोऱ्यांचा गाडीभर रुंद पट्टा झाला होता आणि बुटाच्या टोकानं उकरली तरी माती सुटत होती. पहिला दगड मी उचललाही. मग वाटलं, दगड मूळ जागी ठेवले, तर हा पट्टा कुणी आणि का केला असं लोक विचारतील. दगड इथंच राहिले तर कुणी काही विचारणार नाही. दगड खाली ठेवला आणि घरी आले. तेव्हा पावसाला तीन महिने होते. त्या तीन महिन्यांत ओबडधोबड दगडांचे चार आडवे बांध घातले असते, तरी पाणी अडलं असतं. मी भूगोल शिकवते. मला हे ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणणार नाही.

दुसरं, परवा ग्रुपवर मी सगळं लिहिलं. मग मोहितचा फोन आला. मला वाटलं, ओरडेल. तो अगदी हळू बोलला. "मॅडम, आपने हमसे भी गलत करवाया. मी नियम पाळला वो. माझ्या बापाची केळीची बाग आहे बहादरपुरात, मातीचं मला कळतं. तुम्ही म्हणाल्या म्हणून मी गाडी घातली." ग्रुप मी सोडलाय. बरडीची फेरी आता कायमची बंद झाली आहे.

तिसरं. दोन ऑक्टोबरला तुमच्या गावची ग्रामसभा आहे. सरपंच दत्तात्रय पाटलांना मी फोन करून बोलायची वेळ मागून घेतली. आधी मी त्यांना म्हणाले होते की पत्र लिहून पाठवते, तुम्ही वाचून दाखवा. फोन ठेवल्यावर पाच मिनिटांनी परत लावला आणि सांगितलं, नको, मी येते. एवढं एक तरी माझ्याकडून सरळ होऊ दे.

तुम्ही सभेला या, अशी हात जोडून विनंती आहे. तुम्ही नसाल तर मी कुणाला सांगू?

चारुलता


शनवारा
रविवार, ६ ऑक्टोबर

निंबाभाऊ,

सभेत जे झालं ते तुम्ही पाहिलंच. तरी लिहिते, कारण तुम्ही लवकर निघून गेलात आणि मागे काय झालं ते तुम्हांला माहीत नाही.

वर्गात चाळीस पोरांसमोर तीस मिनिटं बोलणारी मी, तिथं चार वाक्यांत संपले. एकटीनं गाडी सरळ घातली, दगड हलवले, निंबाभाऊंचं नाव पुढं केलं, सात महिने गप्प बसले. बोलून झाल्यावर मी मान खाली घालून उभी राहिले. मला वाटलं, आता बोलतील. कुणी चप्पल फेकली असती तरी मला चाललं असतं.

पाटील म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, मानसाकडूनच होते. तुम्ही एवढं शहरातून येऊन सांगितलं, मोठी गोष्ट हाये. अरे, मॅडमले खुर्ची द्या कोनी. चहा सांगा."

आणि खुर्ची आली. तुम्ही त्याच अंगणात जुलैत उभे होता, तेव्हा तुम्हांला कुणी बस म्हटलं नव्हतं, वहिनींनी सांगितलं होतं मला. मी त्या खुर्चीवर बसले, भाऊ. का बसले ते मला अजून कळलेलं नाही.

मग तुम्ही उठलात. मला वाटलं, माझ्याशी बोलणार. तुम्ही माझ्या डोक्यावरून पलीकडे बरडीकडे पाहत होता.

"पयला पळसाच्या बुडाशी होता. हो का नई?"

मी म्हणाले, हो.

"दुसरा चिरेल खडकावर."

"हो."

"तिसरा वारुळाच्या अलीकडं, दोन पावलं. चौथा अन् पाचवा वळनावर जोडीनं, का तं गाडी तिथंच कापते."

"हो, भाऊ."

"सहावा?"

तुम्ही मलाच विचारलंत. मी म्हणाले, बाभळीखाली. तुम्ही लगेच मान हलवलीत. "बाभूळ तिठी नाहीच. बोर हाये. बोरीच्या काट्यात सरकवला होता मी, वाटेवरल्या बकरीनं धक्का देऊ नये म्हून." मागून कुणीतरी ओरडलं, "बोरच हाये वो, निंबाबा!" आणि सगळं अंगण हसलं. सातव्याचं मला विचारायची तुम्हांला गरजच उरली नव्हती. सलईच्या आडव्या खोडापाशी, असं तुम्ही सांगून टाकलंत आणि वहिनींकडे वळून मोठ्यानं म्हणालात, "ऐकलं का, भागे? सातच्या सात!"

तुमचं ते हसणं पाहून मला रडू फुटलं. तुम्ही माझ्यावर रागावलेलेसुद्धा नव्हता. तुमच्या लेखी मी त्या अंगणात नव्हतेच. तुम्हांला तुमचं डोकं परत मिळालं होतं आणि तेवढ्यात तुम्ही गुंतला होता. दगड हलवल्याची मला लाज वाटत होती, ती होतीच. पण एवढा आनंद एका माणसाचा मी फेब्रुवारीपासून स्वतःजवळ दाबून ठेवला होता, हे मला त्या दिवशी कळलं.

तुम्ही एकटेच निघालात. वहिनी म्हणाल्या, थांबा, मी येते. तुम्ही मागे न बघता हात केलात आणि फाट्याच्या दिशेनं चालत गेलात. सगळे बघत राहिले.

तुम्ही गेल्यावर चहा आला. पाटलांनी कपबशी माझ्या हातात दिली आणि एक घोट घेऊन मी म्हणाले, "साखर जरा कमी चालली असती."

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं, भाऊ. सवयीनं गेलं. कुणाला त्यात काही वाटलं नाही. पाटील लगबगीनं म्हणाले, दुसरा सांगतो मॅडम. मी नको नको म्हणत तो संपवला आणि सगळ्यांना नमस्कार करून गाडीत येऊन बसले. चावी फिरवायला अर्धा तास लागला. पाटलांनी सभेत मला माफ केलं, ते मी घेतलेलं नाही. त्यांच्याकडून ते घेण्यासारखं नव्हतं.

काल दूधगाडीवाल्याबरोबर वहिनींची चिठ्ठी आली. त्यात ना माफीचं काही आहे, ना रागाचं. राखणदारी तुम्हांला परत मिळाली, पण तुम्ही "आता पाहीन" एवढंच म्हणालात, असं लिहिलंय. डोळ्याची तारीख अठराची घेतलीय. आणि शेवटी तुमचा निरोप.

"बाईले सांग, घळीत बांध घालायचे हायेत. दगड वाह्यले ये म्हना. गाडी फाट्यावर ठेवजो, पायी ये म्हना. अन् कोनता दगड कुठी ठेवायचा, ते मी सांगीन."

पुढच्या रविवारी सातपर्यंत पोचते. तुम्ही सांगाल तिथंच ठेवीन.

चारुलता